पाच किलोमीटरचं वर्तुळ आणि मधली नर्मदा

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यातल्या माध्यमिक शाळा नकाशावर टाकल्या, तर पहिल्याच फटक्यात काही शाळा नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात. तालुक्याचं गाव धडगाव 21.8 उत्तर, 74.2 पूर्व, अक्षांश-रेखांशाचे रकाने उलटे भरले की थेट आर्क्टिक. ही चूक परवडली, लगेच दिसते. छळते ती अंश-मिनिटांची. 21 अंश 49 मिनिटं म्हणजे दशांशात 21.8167. यादीत 21.49 लिहिलं की शाळा सुमारे 36 किलोमीटर दक्षिणेला सरकते, सातपुडा उतरून सपाटीला लागते आणि जिल्ह्यातच राहिल्यानं कुणाला संशयही येत नाही. आम्ही ती यू-डायस क्रमांकावरून, म्हणजे प्रत्येक शाळेच्या सरकारी ओळख क्रमांकावरून पकडतो. 11 अंकांतले पाचवा-सहावा तालुक्याचे; बिंदू भलत्याच तालुक्यात पडला की बाजूला काढायचा.

गाळणी लावतानाही जपावं लागतं. यू-डायसमध्ये शाळेचा प्रकार आकड्यानं देतात; प्रकार 8 म्हणजे निव्वळ नववी-दहावी. तेवढाच निवडला तर पहिली ते दहावीच्या आश्रमशाळा गळतात. नववी-दहावी असलेले 3, 5, 6, 7, 8 आणि 10 हे सगळे घ्यायचे.

माध्यमिक शाळा पाच किलोमीटरच्या आत, हा 2009च्या माध्यमिक शिक्षा अभियानाचा निकष. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये शाळांचा थर अंशांत ठेवून बफरला, म्हणजे बिंदूभोवतीच्या वर्तुळाला, 5 दिलं तर ते निम्मा महाराष्ट्र गिळतं. आधी ईपीएसजी 32643 या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक पद्धतीत रूपांतर, मग 5000 मीटर.

एवढं निस्तरून वर्तुळं काढली आणि नर्मदाकाठ छान झाकलेला दिसला. अहवालात घालायला झकास! पण काही वर्तुळं पलीकडे मध्य प्रदेशात उतरलेली. मध्ये सरदार सरोवर धरणाच्या पाण्याचा फुगवटा, पूर्ण पातळी 138.68 मीटर. तिथून पोरं रोज शाळेत येणार कशी? वर्तुळाला ना पाणी दिसतं ना घाट.

मग वर्तुळं पुसली आणि रस्त्यांच्या जाळ्यावर शाळेपासून पाच किलोमीटर मोजले. वळणावळणाच्या रस्त्यानं ते भराभर संपतात. काठावरची झाकलेली गावं उघडी पडली. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून भरलेल्या खुल्या नकाशावर डोंगरातल्या पायवाटा अर्धवट असतात, त्या उपग्रहचित्रावरून हातानं आखाव्या लागतात. शिवाय महसुली गावाचा बिंदू एकच, पाडे मात्र धारेधारेवर विखुरलेले. अंतर पाड्यापासूनच मोजायचं.

आश्रमशाळांना वेगळं चिन्ह दिलं. निवासी शाळेला पाच किलोमीटरचा निकष लावण्यात अर्थ नाही; तिथे वसतिगृहाची क्षमता लिहायची.