‘कसूर’ पुन्हा ऐकताना

आज एसटीच्या खिडकीशी बसून गायक-गीतकार प्रतीक कुहाड यांचे ‘कसूर’ हे गाणे बऱ्याच दिवसांनी ऐकले. २०२० च्या टाळेबंदीत आलेल्या या गाण्याच्या व्हिडिओत कथानक असे नाहीच; आपापल्या घरी कॅमेऱ्यासमोर बसलेली माणसे प्रेमाविषयीच्या प्रश्नांना केवळ चेहऱ्याने उत्तरे देतात, आणि हसता हसता एखाद्याचे डोळे केव्हा भरून येतात ते कळतही नाही. शब्द साधेच आहेत, खरे तर थोडे बाळबोधही. पण गिटारच्या सोबतीने तो आवाज इतका हळुवार उतरतो की, आपले दुःखही मोठ्याने बोलायला संकोचते. शेजारच्या आजींनी “बरं वाटत नाही का रे?” असे विचारून आवळासुपारी पुढे केली, तेव्हा मी मुकाट्याने ती घेतली आणि गाणे पुन्हा पहिल्यापासून लावले.