अळीचा शनिवार, श्रावणातली अळूवडी

इंग्लंडमध्ये, लीड्समधल्या आमच्या भागातल्या लायब्ररीनं मला एक फॉर्म पाठवला आणि माझं डोकंच फिरलं. तिथं अधूनमधून शनिवारी लहान मुलांना चित्रपुस्तक वाचून दाखवतात आणि त्या गोष्टीला शोभेलसा सोपा पदार्थ त्यांच्याकडून करून घेतात. मी हौसेनं म्हटलं, एक शनिवार माझा. म्हातारी नि भोपळ्याची गोष्ट सांगते, घारगे करू. उत्तर म्हणून फॉर्म आला. त्यात चौदा ॲलर्जीकारक पदार्थांची यादी होती आणि खाली ठळक अक्षरांत सूचना, की यातलं काहीही आणू नये.

यादी वाचा. गहू, दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-बदाम, तीळ, सोयाबीन, मोहरी, मासे, कोळंबी, शिंपले, शिवाय मी कधी हातात न घेतलेलं सेलरी, ल्युपिन आणि सल्फाइट. मोहरीसुद्धा! म्हणजे फोडणीच बाद. शेंगदाण्याचं कूट गेलं, तीळ गेले, दही गेलं. आपली म्हातारी लेकीकडं तूप-रोटी खायला निघालेली, तर या यादीप्रमाणं तूपही नको आणि रोटीही नको. बिचारीनं भोपळ्यात बसून नुसतंच टुणुक टुणुक करत परत यायचं. वर गरम तेल चालणार नाही, म्हणजे घारगे तळायचा प्रश्नच मिटला. मी नवऱ्याला रात्रभर ऐकवलं. आमच्या बेळगावच्या शहापुरात वाढलेल्या कुठल्या पोराला मोहरीनं काय झालं, सांग.

नंतर कळलं ते असं. २०१६ मध्ये नताशा एडनान-लापरूज नावाची पंधरा वर्षांची मुलगी विमानतळावर घेतलेल्या सँडविचच्या पावातल्या तिळानं गेली. तीळ पिठातच मळलेले होते आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. त्यावरून झालेला कायदा १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. दुकानात आधीच बांधून ठेवलेल्या खाण्यावरसुद्धा आता सगळे घटक छापावे लागतात आणि या चौदांतलं जे असेल ते ठळक दिसावं लागतं. हे वाचल्यावर मी गप्प बसले. मोहरीबद्दलचा राग मात्र अजून आहे.

लायब्ररीतल्या बाई भल्या. त्यांनी स्वतः तांदळाचं पीठ आणून घरी भोपळा उकडून पाहिला आणि कळवलं, वाफेवर जमेल. जमलंही. चव कशी होती ते विचारू नका, गूळ भरपूर घातला होता.

शाळेला सुट्टी लागल्यावर लेकाला घेऊन बेळगावला आले ते ऐन श्रावणात. पाऊस असा, की पोरं घराबाहेर पडेनात. बॅगेत 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर', म्हणजे भुकेली अळी होती, एरिक कार्ल यांचं १९६९ चं चित्रपुस्तक. अळी सोमवारी एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन पेअर, बुधवारी तीन प्लम, गुरुवारी चार स्ट्रॉबेऱ्या, शुक्रवारी पाच संत्री. पानांना खरोखरची भोकं पाडलेली आहेत, त्यात बोट घातल्याशिवाय कुठलंच मूल पान उलटत नाही. लीड्समध्ये या पुस्तकाबरोबर फळं काडीला टोचतात आणि मोजतात, झालं. आमच्या सोप्यात गल्लीतली पोरं जमली, तेव्हा पेअरच्या जागी पेरू आले, स्ट्रॉबेरीऐवजी चिकू, आणि मोजणी दोन सुरांत सुरू झाली. शेजारची दोघं भावंडं कन्नड शाळेतली, ती ओंदु, एरडु, मूरु म्हणत होती. आमचा दोघांच्या मध्ये बसून इंग्रजीत मोजत होता. त्याचं मराठी कच्चं आहे, ते मला माहीत आहे, कुणी सांगायला नको. त्याला मराठी कळतं, घरी आम्ही तेच बोलतो.

खरी मजा शनिवारी. पुस्तकातली अळी त्या दिवशी केक, आइस्क्रीम, लोणच्याची काकडी, चीज, सलामी, सॉसेज, कलिंगड असं दहा प्रकारचं खाते आणि रात्री तिचं पोट दुखतं. पोरांना सलामी पसंत पडेना. मग बेळगावच्या अळीचा शनिवार लिहायचा ठरला. कुंदा एकमतानं पहिला. मग मिरची भजी, मांडे, गोकाकचा करदंट, गिरमिट. कुंदा किती, यावर भांडण. एकीचं म्हणणं, एक डबा. दुसरा म्हणाला, एवढा खाल्ला तर पोट दुखणारच, बाकीचं लिहायची गरजच नाही. वादात आई पडली, "आधी हात धुवा की गा!"

रविवारी अळी एक हिरवं पान खाते आणि तिला बरं वाटतं. ते पान आम्ही अळूचं धरलं, कारण परसात तेच माजलं होतं. वडी मुलांबरोबर करायला फार चांगली आहे. चार वर्षांच्यांनी पानं मोजायची, पुसायची. त्याहून मोठ्यांनी बेसन, थोडं तांदळाचं पीठ, तिखट, तीळ, चिंच-गुळाचा कोळ असं भिजवून पानाच्या उलट्या बाजूला हातानं सारवायचं, वर दुसरं पान, पुन्हा सारवण, मग वळकटी. चिंचेत कंजुषी नको, नाहीतर घसा खाजतो. देठ कापणं, शिरा लाटणं, गॅस आणि तळण मोठ्यांकडे.

उंडे पातेल्यात वीस मिनिटं वाफवायचे असतात आणि पोरांना धीर कुठला. तेवढ्यात पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. अळी कोशात शिरली, की आमचे उंडेही आत बंद. कुणी झाकण उघडायचा हट्ट केला नाही. म्हणून मी म्हणते, दोन मिनिटांच्या नूडल्सना पुस्तक जोडू नका, वाट बघायला लावणारा पदार्थ निवडा.

पुढच्या वेळी प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीवीवर या संकेतस्थळावरून खाण्याचं एक पुस्तक घेतलं. तिथं पुस्तकं फुकट उतरवता येतात, छापता येतात, आणि बरीचशी मराठीतही असतात, कन्नडमध्येही. चित्रं तीच. एक पान माझ्या भाचीनं मराठीत वाचलं, तेच शेजारच्या मुलीनं कन्नडमध्ये. दुकानांच्या पाट्यांवरून आमच्याकडं काय काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, पण सोप्यात कुणाला काही अडलं नाही. हे लीड्सला सांगताना मी पाट्यांचा भाग गाळते.

एक मात्र खरं, पातेली आईनं घासली. लीड्समध्ये ती मीच घासते, म्हणून तिथले कार्यक्रम मला आखूड आवडतात.

वहिनीला हे सगळं नाटक वाटलं. "आम्ही पुस्तक न वाचताच चपाती शिकलो की गे."

"तू शिकलीस," मी म्हटलं, "दादा शिकला काय?"

दादा तेवढ्यात आत डोकावला. चहा झाला काय, म्हणून विचारायला.