कपाट शे का पोयाना बैल?

आमचं घराणं सुतारकीचं. वडिलांनी जळगावात पलंग, दिवाण, देवघरं केली. चौकटी-दारं किती केली त्याचा तर हिशोबच नाही. रंग त्यांना मान्य नव्हता. लाकूड घासायचं, चपड्याचं म्हणजे लाखेचं पॉलिश मारायचं, रेषा उठून दिसल्या पाहिजेत. ऑइल पेंट म्हणजे लाकडातली खोट झाकायचा उद्योग, असं ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत.

2020 च्या लॉकडाउनमध्ये दुकानाला कुलूप लागलं आणि आम्ही चोपडा तालुक्यातल्या गावी गेलो. तिथल्या धाब्याच्या घरात बाभळीचं एक जुनं कपाट होतं, एका दाराला प्लायचं ठिगळ मारलेलं. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेले दोन डबे फळीवर सापडले. दारं मोरपंखी केली, आतली बाजू शेंदरी. आई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "हाई कपाट शे का पोयाना बैल?" अहिराणीतला सवाल: हे कपाट आहे की पोळ्याचा बैल?

फोटो मी स्टेटसला टाकला. धुळ्याच्या एका ओळखीच्या कुटुंबाकडून फोन आला, तसंच एक हवंय म्हणून. धंदा असा सुरू झाला.

पहिलीच ऑर्डर अंगाशी आली. जुनं सागवानी बुटकं कपाट, रंग हवा होता हळदीचा. घासलं, लांबी म्हणजे पुट्टी भरली, प्रायमर मारला, रंगाचे दोन हात दिले. पोचवलं त्या दिवशी झळकत होतं. पंधरा दिवसांनी दारांवर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग उमटले. सागात तेल असतं आणि टॅनिन नावाचा तुरट अंशही. ते प्रायमरमधून झिरपून वर येतं, आणि फिका रंग असला की लगेच चुगली करतं. त्या घरच्या आजी म्हणाल्या, "नवरीची हळद उतरली वाटतं." कपाट परत आणलं, पुन्हा घासलं आणि रंगाच्या आधी चपड्याचा हात दिला. डाग पुन्हा आले नाहीत. आयुष्यभर चपडाच वापरलेले वडील शेजारी बसून सगळं बघत होते. बोलले काहीच नाहीत, ते जास्त लागलं.

आता नियम ठरलेत. धड सागवानी किंवा शिसवी वस्तू आली तर आम्ही रंगवत नाही, पॉलिश करून देतो. गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल. रंग त्या लाकडाला, ज्याच्यावर आधीच तीन रंग चढलेत, ज्याला ठिगळं आहेत किंवा जे मुळात प्लायचंच आहे. जुना रंग कोरडा घासत नाही, पाणी लावून घासतो, तोही मास्क लावून. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या थरात काय असेल याचा भरवसा नाही, आणि वर्कशॉपच्या मागेच आमची मुलं खेळतात.

लोक येतात आणि सगळा हॉलच रंगीत मागतात. आम्ही एकच वस्तू रंगवा म्हणतो. भिंतीवर चित्र लावायचं तर आजूबाजूला मोकळी जागा सोडतो ना, तसंच हे. किरमिजी कपाट ठेवायचं तर मागची भिंत चुन्यासारखी पांढरी हवी, पडदे साधे हवेत आणि वर फुलदाण्यांची जत्रा नको. रंग कार्डावर बघून ठरवूच नये. आम्ही हातभर प्लायचा तुकडा त्या रंगात रंगवून दोन दिवस त्यांच्या घरी ठेवतो. दुपारच्या उन्हात शोभणारा हिरवा संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली शेवाळासारखा दिसतो, ते तेव्हाच कळतं.

रंगीत लाकूड आपल्याकडे काही नवं नाही. गुजरातची सीमा जवळ, त्यामुळे संखेड्याचा लाखकाम केलेला लाल-सोनेरी झोपाळा बऱ्याच घरांनी पाहिलेला असतो. तरी एका गोष्टीला आम्ही नाही म्हणतो. एकांना चपलांच्या कपाटावर पिठोऱ्याचे घोडे काढून हवे होते. नर्मदेपलीकडचे राठवा, भिलाला लोक तो पिठोरा नवस फेडताना घराच्या भिंतीवर लिहून घेतात, तो त्यांचा देव. चपला ठेवायच्या जागेवर तो कसा काढणार? त्यांना केळीची पानं काढून दिली. खूश झाले.

श्रावणातल्या कानबाई देवीच्या सणाआधी घरं सारवली-रंगवली जातात, तेव्हा ऑर्डरींची झुंबड असते. मे महिन्यात मात्र काम रेंगाळतं. पारा 45 च्या आसपास गेला की एनॅमलची वरची साय झटकन धरते, आतला रंग ओलाच राहतो आणि दाराला म्हातारीच्या गालासारख्या सुरकुत्या पडतात. म्हणून पहाटे पाचला ब्रश हातात, नऊला डबे बंद, रंगाचा हात पातळ. एका कपाटाला सहा-सात दिवस जातात. रंगाचा खर्च त्यात थोडाच, मजुरी सगळी काचपेपरची: 80 नंबर, मग 120, मग 220.

ते पहिलं कपाट आता जळगावच्या घरी आहे. नमुना बघायचाय म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी तिकडेच नेतो. आई त्यात बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड आणि कुरडया यांचे डबे ठेवते. आतला शेंदरी रंग दाखवायला दार उघडलं की हातासरशी एक डबा काढते आणि भाजून देऊ का म्हणून विचारते, "भाजी दू का?"