लाल सुतळी

वडिलांची हळदीची अडत. माल सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत असायचा. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि आम्ही गोदामाकडे वळलो. दळण-पॅकिंग मी सुरू केलं. आम्ही चौघं होतो तोवर सगळं तोंडी निभावलं. माणसं 14 झाली आणि रोज काहीतरी घोळ.

2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तशी आमची गिऱ्हाइकं वाण विचारून घ्यायला लागली. अशातच एका जुन्या गिऱ्हाइकाला राजापुरीऐवजी सेलमची पावडर गेली. माल परत आला. मी सगळ्यांना उभं करून विचारलं, "कुणी केलं?" सगळे गप्प. रजिस्टर आणलं, सह्या घेतल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

वडील म्हणाले, "पेव उघडल्या उघडल्या आत उतरत नाहीत. तोंड उघडं ठेवायचं, कंदील सोडून आतली हवा बघायची. तू थेट उडी मारतोयस. कुणी केलं ते राहू दे, पोत्याची गोष्ट सांगायला लाव. यार्डातल्या सौद्यापासनं."

दुसऱ्या दिवशी चहाला सगळे पोत्यांवरच बसलो. अट एकच, आपण स्वतः केलं-बघितलं तेवढंच सांगायचं. गोदामातले मामा म्हणाले, "टेंपोतनं पोती उतरली. डबल पॉलिश करून घेतली, लाल सुतळीनं शिवली..."

"थांबा मामा," चक्कीवरच्या मावशी म्हणाल्या. "लाल सुतळी म्हणजे राजापुरी नव्हं?"

मामांच्या लेखी लाल म्हणजे डबल पॉलिश. मावशींना मात्र आधीच्या बाईंनी लाल म्हणजे राजापुरी असं शिकवलेलं. कितीतरी वर्षं दोन्ही खरं होतं, कारण डबल पॉलिश आम्ही फक्त राजापुरीलाच करायचो. चक्कीवर हळकुंड बघत बसायला सवड नसते, सुतळी बघूनच पोतं ओततात. त्या दोघांनी किती बोलणी खाल्ली असतील, हे आठवून मला आजही वाईट वाटतं.

शेवटी माझी पाळी आली. सेलमलाही डबल पॉलिश करा, हे मी मामांना एकट्यालाच फोनवर सांगितलं होतं. तेही सांगितलं, सगळ्यांसमोर.

आता पोत्यावर वाणाचं नाव मोठ्या अक्षरात असतं. सोमवारचा चहा चालू आहे. नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी मावशी त्याला सुतळीची गोष्ट सांगतात. फोनचा भाग मी सांगतो.