भांड्याच्या बुडाशी जुळलेली नाती

आमच्या मृत्तिकाकला विद्यालयाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात प्रात्यक्षिके असत, प्रदर्शन असे, भाषणेही होत. परंतु आम्ही माजी विद्यार्थी ज्याची वर्षभर वाट पाहत असू तो कार्यक्रम पत्रिकेत कधीच छापलेला नसे. पहिल्या दिवशी प्रत्येकाने स्वतः घडवलेले एक भांडे नाव न सांगता मेजावर ठेवायचे आणि इतरांनी ते हाताळून पाहायचे, एवढाच तो उपक्रम होता. मातीत काम करणारा माणूस भांडे हाती आले की आधी ते उलटे करतो आणि ते ज्या कडेवर टेकते ती बुडाची कडा निरखतो. ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, आणि नक्षी काळाबरोबर बदलत जातात. मात्र अर्धवट सुकलेले भांडे चाकावर उपडे बसवून त्याचे बूड तासण्याची जी पद्धत प्रथम अंगवळणी पडते, ती सहसा सुटत नाही.

एका वर्षी त्या मेजावर दोन पेले असे निघाले की त्यांची बुडे एकाच धाटणीने तासलेली होती आणि कानाचे खालचे टोक अंगठ्याने दाबून किंचित डावीकडे ओढण्याची लकबही दोन्हींत सारखीच होती. एक पेला नुकत्याच शिकू लागलेल्या मुलीचा होता आणि दुसरा नोकरीतून निवृत्त झाल्यावर पुन्हा चाकाकडे वळलेल्या गृहस्थांचा. दोघांनी एकमेकांना पूर्वी कधी पाहिले नव्हते. बोलता बोलता उलगडले की काही दशकांच्या अंतराने, दोन वेगळ्या गावांत, त्यांना एकाच गुरुजींनी शिकवले होते. वाकून न पाहताही भांड्याची बाह्यरेषा दिसावी म्हणून चाकासमोर आरसा ठेवण्याचा त्यांचा आग्रह असे, आणि दोघांच्याही चाकासमोर तो आरसा अजून होता. गाण्यात जसे दोन ताना ऐकून घराणे ओळखता येते, तसे कुंभारकामातही ओळखता येते, हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले.

तथापि माझ्या मते सर्वांत मोलाच्या ओळखी मेजापाशी नव्हे, तर भट्टीपाशी झाल्या. लाकडावरची मोठी भट्टी एकट्याने चालत नाही. सरपण सारणारे हात सतत बदलावे लागतात आणि रात्रभर कोणीतरी जागे राहावेच लागते. पाळ्यांच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरत, त्यामुळे एरवी दोन शब्दही न बोललेली माणसे तासन्‌तास शेजारी बसत. एका पाळीत, ग्लेझवर सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात म्हणून हैराण झालेल्या आमच्या एका मैत्रिणीच्या शेजारी कृत्रिम दात तयार करणारे तंत्रज्ञ आले. दातांसाठीची पोर्सिलेन छोट्या भट्टीत निर्वात अवस्थेत भाजतात, कारण आत अडकलेली हवा बाहेर पडली नाही तर बुडबुडे राहतात, हे त्यांच्या रोजच्या कामातले ज्ञान होते. आमच्या भट्टीत निर्वात अवस्था आणणे शक्य नव्हते. पण वायूंना बाहेर पडायला वेळ हवा, हे सूत्र त्यांनी इतके सोपे करून सांगितले की तिने पुढच्या खेपेस कच्ची भांडी सावकाश भाजली आणि अखेरच्या तापमानावर भट्टी थोडा वेळ स्थिर ठेवली.

याच जागरणात आमच्या बाई कुंभारकामाच्या इतिहासातल्या गाठीभेटी सांगत. भारतीय कुंभार गुरचरण सिंग यांना 1919 मध्ये सिरॅमिक्स शिकण्यासाठी जपानला पाठवले ते विटांच्या व्यवसायातल्या माणसाने, आणि तिथे त्यांची गाठ ब्रिटिश कुंभार बर्नार्ड लीच, जपानी कुंभार शोजी हामादा आणि लोककलेचे जपानी विचारवंत सोएत्सू यानागी यांच्याशी पडली. लीच आणि हामादा 1920 मध्ये इंग्लंडला गेले आणि सेंट आइव्ह्‌ज येथे त्यांनी कार्यशाळा उभारली. लीच, हामादा आणि यानागी हे तिघे 1952 मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात पोहोचले, ते आर्ची ब्रे यांच्या केंद्रात. तिथे पुढे नामवंत कुंभार झालेला तरुण पीटर वोल्कस काम करत होता आणि ब्रे हेही विटांचेच कारखानदार होते. वीटभट्टीचा हा धागा दोनदा यावा याचे बाईंना फार अप्रूप वाटे, आणि मलाही वाटते.

लीच यांच्याकडे 1923 मध्ये शिकायला आलेले इंग्लिश कुंभार मायकेल कार्ड्यू पुढे नायजेरियात अबुजा येथील प्रशिक्षण केंद्र चालवू लागले. 1954 मध्ये तिथे नायजेरियन कुंभार लादी क्वाली आल्या. मातीच्या वळकट्या रचून घडे उभे करण्याची विद्या त्यांना लहानपणीच आत्याकडून वा मावशीकडून, घरातच मिळालेली होती. कार्ड्यूंच्या केंद्रात त्याच घड्यांवर ग्लेझ चढले आणि ते स्टोनवेअरच्या, म्हणजे उच्च तापमानाला भाजलेल्या कणखर भांड्यांच्या, तापमानाला भाजले गेले. कोण कोणाचे गुरू, हे इथे ठरवू नये असे मला वाटते. अशीच आणखी एक गाठ: कुंभार लूसी री यांच्या लंडनमधल्या कार्यशाळेत 1946 मध्ये हान्स कोपर केवळ काम मिळेल या आशेने आले. मातीचा त्यांना अनुभव नव्हता आणि कार्यशाळेत तेव्हा मुख्यतः सिरॅमिकची बटणे होत असत. त्यातून दोघांची वर्षानुवर्षांची भागीदारी घडली.

बाईंच्या या गोष्टींमुळेच एका संमेलनात भिंतीवर मोठा कागद लागला. प्रत्येकाने आपले नाव लिहायचे आणि ज्यांच्याकडून काही शिकलो त्यांच्या नावापर्यंत रेघ ओढायची. रेघा इतक्या एकमेकींत गुंतल्या की पुढच्या वर्षी शेजारी दुसरा कागद जोडावा लागला. पिढीजात कुंभार असलेल्या एका काकांनी आजोबांच्या नावाआधी, माती मळायला शिकवणाऱ्या आजीचे नाव लिहिले. ग्लेझवरच्या छिद्रांनी त्रासलेल्या त्या मैत्रिणीची रेघ दातांच्या तंत्रज्ञांपर्यंत गेली. त्यांनी मात्र स्वतःच्या नावापासून चार रेघा ओढल्या, कारण चाकावर बसायला ते त्याच संमेलनात शिकले होते.