कोंबड्या पाळून पैसे वाचतात का? आमच्या परसातला हिशोब

पुण्याच्या नणंदेचा फोन आला की हल्ली विषय एकच, बंगल्यामागे जागा पडून आहे तर चार कोंबड्या पाळू का, अंडी बघ ना किती महाग झालीत. तिच्यासारखं विचारणारे बरेच आहेत म्हणून इथेच लिहून टाकते.

आधी कागद-पेन घ्या. मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते. विकतचं फीड किलोला ४० रुपये धरलं तर रोजचे चार-साडेचार रुपये, वर्षाचे सोळाशेच्या आसपास. आता आपली गावठी कोंबडी वर्षाला अंडी देते किती, तर ६०-७०, त्यात मधेच खुडूक बसणार, म्हणजे अंडी घालायचं थांबवून उबवायला बसणार, मधेच पिसं गाळणार. म्हणजे एक अंडं पडलं जवळपास २५ रुपयांना! गिरिराज, वनराज या सुधारित जाती घेतल्या, वर्षाला १३०-१४० अंडी धरली तरी बारा रुपये झालेच. पोल्ट्रीतली लेअर, म्हणजे खास अंड्यांसाठीची कोंबडी, वर्षाला ३०० च्या वर अंडी देते, तिला विकतचं फीड परवडतं, आणि पोल्ट्रीवाल्याशी रेटमध्ये आपण टक्कर देऊच शकत नाही. तेव्हा पोतंभर फीड आणून घरच्या अंड्यांवर पैसे वाचवायचे असं डोक्यात असेल तर राहू दे बाई, दुकानातून ट्रे आण.

मग आम्हाला इथे कोकणात कशी काय परवडतात? कारण आमच्याकडे फीडचं पोतं येतच नाही. सकाळी खुराडं उघडलं की सगळ्या जणी वाडीत, माडाच्या आळ्यात, पातेरा म्हणजे गळलेला पाला उकरत फिरणार. किडे, वाळवी, गोम, गवताचं बी, जे मिळेल ते. घरातून शिळा भात, भाजीची देठं, माशाची आतडी-डोकी, आणि भात भरडून आणलं की त्यातली कणी आणि कोंडा. पावसात बाहेर कमी फिरतात तेव्हा कणी जरा जास्त टाकावी लागते, एवढाच काय तो खर्च. सासूबाईंची एक ट्रिक आहे, जुन्या मडक्यात शेण आणि पेंढा भरून पाणी शिंपडायचं आणि जिथे वाळवी दिसते तिथे उपडं घालून ठेवायचं, एक-दोन दिवसांनी उचललं की आत वाळवी लगडलेली असते, ती पिल्लांसमोर झटकायची, अक्षरशः तुटून पडतात. आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या आम्ही टाकत नाही, पाट्यावर ठेचून बारीक करून घालतो, अंड्याचं कवच मऊ येत असेल तर महिन्याभरात फरक दिसतो.

खरा पैसा मात्र अंड्यात नाहीच, कोंबड्यात आहे. गावठी नर पाच-सहा महिन्यांनी विकण्याजोगा होतो, ब्रॉयलर दीड महिन्यात तयार होतो त्यामानाने फारच उशीर, पण वाढवायला खर्च नाही ना. आणि कोकणात गावठी कोंबड्याला मागणी नाही असं होतच नाही. गावच्या राखणदार देवाला राखण म्हणून कोंबडा द्यायचा असतो, गटारी असते, मे महिन्यात चाकरमानी आले की त्यांना वडे-सागोती ब्रॉयलरची चालत नाही. त्या दिवसांत लोक दारात येऊन विचारतात, घासाघीस पण फार करत नाहीत.

म्हणून खुडूक बसलेली कोंबडी दिसली की आम्हाला उलट आनंदच होतो. तिच्याखाली दहा-बारा अंडी मावतात, २१ दिवसांनी पिल्लं, ना इन्क्युबेटर ना लाइट बिल. आठवड्याभराने रात्री टॉर्चवर धरून बघायचं, आत लालसर शिरा दिसल्या तर ठीक, नुसतं स्वच्छ दिसलं तर ते अंडं काढून टाकायचं. गिरिराज-वनराज स्वतः सहसा खुडूक होत नाहीत, त्यांची अंडी पण गावठीखालीच ठेवायची. उन्हाळ्याच्या शेवटी मात्र बसवू नका, उकाड्यात अंडी जास्त फुकट जातात. अंडीच हवी असतील आणि ती उठत नसेल तर घरट्यातून काढून दोन-चार दिवस वारा लागेल अशा जाळीवर ठेवायची, पोट गार पडलं की येते ताळ्यावर. नाकात पीस घालतात तसलं काही करायची गरज नाही.

आता नुकसानीचं पण सांगते, नाहीतर म्हणाल गोड गोडच लिहिते. बारा पिल्लं निघाली म्हणजे बारा मोठी होत नाहीत. घार आहे, मुंगूस आहे, रात्री रानमांजर. पहिले काही आठवडे पिल्लं डालग्याखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली ठेवली तर बरीच वाचतात. खुराड्याची फट बोटभर जरी असली तरी बुजवायची. पण या सगळ्यांपेक्षा वाईट मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग. एकदा वाडीत शिरली की खुराडीच्या खुराडी रिकामी होतात आणि औषध नाही तिच्यावर, लसच द्यावी लागते. पिल्लू आठवड्याचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, मोठी झाली की इंजेक्शनवाली. अडचण अशी की बाटली असते शंभरेक पिल्लांची आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायची, बर्फात ठेवून. आपल्या पिल्लांपुरती कोण आणणार! आम्ही शेजारच्या तीन-चार घरांना सांगून एकाच संध्याकाळी सगळ्यांची उरकतो, माणशी खर्च चहाएवढा पण येत नाही. कोंबडी पाळण्यातला सगळ्यात फायद्याचा खर्च कुठला म्हणाल तर हा.

खताचा हिशोब मी कधी मांडला नाही पण खुराड्यात भाताचं तूस पसरते आणि ते भिजलं की काढून एका कोपऱ्यात दोन-तीन महिने कुजवते. ताजं झाडाला घालू नका, मुळं जाळतं. कुजलेलं कारली-पडवळाच्या मांडवाला घालते, त्या मांडवाला युरिया विकत आणलेला मला आठवत नाही. फक्त मिरचीच्या वाफ्याला जाळी मस्ट, नाहीतर सकाळी लावलेली रोपं दुपारपर्यंत उकरून ठेवतात.

तर नणंदबाई, मागे निदान दोन-तीन गुंठे मोकळी माती असेल आणि शेजारी पहाटे चारला कोंबडा आरवलेला चालणार असेल तर आण पाच-सहा तलंगा (अंड्यावर यायला आलेल्या तरुण कोंबड्या) आणि एक कोंबडा. फरशी घातलेलं अंगण असेल तर नको.