एक्स्टेंशनची गर्दी आणि खिडक्यांची शोधाशोध

क्रोममध्ये एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, जमत जातात आणि मग सगळीच कायम चालू राहतात, म्हणून मला एक्सटेन्सिटी हे बाकीची एक्स्टेंशन चालू-बंद करणारं एक्स्टेंशन मनापासून आवडतं, त्यात प्रोफाइल करून ठेवायची, एक कामाची, एक वाचनाची, की एका क्लिकमध्ये बाकीची बंद. ते नको असेल तर निदान साइट अ‍ॅक्सेस 'क्लिक केल्यावर' असा ठेवा, म्हणजे एक्स्टेंशन आपण बोलावल्याशिवाय पेज वाचत नाही, आणि हे प्रत्येकाने करायलाच हवं!

उघड्या खिडक्यांमधून (विंडोंमधून) हवी ती शोधायला लिनक्सवर रोफी हा छोटा प्रोग्रॅम. ऑल्ट-टॅब दाबत बसण्यापेक्षा त्याचा विंडो मोड उघडायचा, टायटलमधली दोन-तीन अक्षरं टाइप करायची, एंटर, की विंडो समोर, मग ती दुसऱ्या वर्कस्पेसवर का असेना. विंडोज ११ वाल्यांनी मल्टिटास्किंगच्या सेटिंगमध्ये ऑल्ट-टॅबमध्ये दिसणारे एज ब्राउझरचे टॅब बंद करा, यादी लगेच सुटसुटीत होते.